जन्मजात की लागलेलं? लैंगिक कल आणि ‘नैसर्गिक’ हा शब्द: पालकांचे नेहमीचे प्रश्न

सांगलीत मी एकतीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. माझा धाकटा मुलगा गे आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे ओळखीचे-अनोळखी आईवडील मला फोन करतात. बायका बहुतेक दुपारी करतात, घरात कोणी नसताना, हळू आवाजात. पुरुष गाडीत बसून करतात. मागे हॉर्न ऐकू येतात. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. कुठे बाई बोलतायत आणि कुठे आई, ते तुम्हाला कळेलच.

एका वाक्यात सांगा, हे जन्मजात असतं का?

एका वाक्यात जमणार नाही, तीन घेते. ओढ कोणाकडे वाटावी हे माणूस ठरवत नाही. त्यामागे जन्माआधीच घडलेल्या गोष्टींचा बराच वाटा असावा असं आजवरचं संशोधन सांगतं. घरच्या वळणाचा वाटा मात्र शोधूनही फारसा हाती लागलेला नाही.

यात ‘जन्मजात’ आणि ‘आनुवंशिक’ यांची गल्लत करू नका. बारावीची मुलं दरवर्षी करायची. गालावरची जन्मखूण जन्मजात असते, म्हणून कोणी ती आईच्या गालावर शोधायला जात नाही. जन्माआधी जीन्स काम करतात, गर्भातली संप्रेरकं (हार्मोन्स) काम करतात आणि निव्वळ योगायोगही काम करतो. पेशी विभागताना काय काय इकडचं तिकडे होतं, ते कोणाच्या हातात नसतं.

लैंगिक कल म्हणजे नेमकं काय? आमचा मुलगा तर जराही बायकी नाही.

नसेल. कल म्हणजे शरीराने आणि मनाने कोणाकडे ओढ वाटते ते. चालणं-बोलणं ही वेगळी गोष्ट. आपण स्वतःला पुरुष समजतो की स्त्री, ही तिसरी. तृतीयपंथी आणि समलिंगी या शब्दांचा आपल्याकडे एकच गठ्ठा बांधतात, तो आधी सोडवा. चौथी गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष वागणं. कल एक आणि वागणं दुसरं, असं आयुष्य आपल्याकडे हजारो लोकांनी काढलंय, दोन-दोन मुलांचे बाप होऊन.

आमचं काय चुकलं?

‘जन्मजात आहे का?’ असं विचारणाऱ्याला बहुतेकदा हेच विचारायचं असतं, म्हणून हा प्रश्न वर घेतला. मलाही हेच विचारायचं होतं.

२०१० साली स्वीडनमध्ये जुळ्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे जुळ्यांची सरकारी नोंदवही असते, त्यामुळे ‘आम्ही समलिंगी आहोत’ म्हणून आपणहून पुढे आलेल्यांवर अवलंबून राहावं लागलं नाही. पुरुषांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा साधारण एकतृतीयांशाच्या थोडा वर निघाला. दोन्ही भावांना सारखं मिळालेलं वातावरण, म्हणजे तेच आईबाप, तोच धाक, तेच लाड, यांचा वाटा जवळजवळ शून्य आला. उरलेला मोठा हिस्सा प्रत्येकाच्या वाट्याला वेगळ्या आलेल्या गोष्टींचा होता. त्यात गर्भातली परिस्थितीही धरतात.

उलट बाजूने पाहायचं तर कॅनडातल्या विनिपेगच्या डेव्हिड रायमरची गोष्ट आहे. १९६५ चा जन्म, जुळ्यांपैकी एक. तान्हा असताना सुंतेच्या वेळी अपघात झाला आणि त्याचं लिंग जळालं. अमेरिकेतल्या एका नामांकित मानसशास्त्रज्ञाच्या सल्ल्याने त्याला मुलगी म्हणून वाढवलं; फ्रॉक, बाहुल्या, पुढे संप्रेरकंही दिली. चौदाव्या वर्षी खरं कळलं तेव्हा तो मुलगा म्हणून जगू लागला. ओढ बायकांकडेच होती, पुढे त्याने एका बाईशी लग्नही केलं. २००४ साली त्याने आत्महत्या केली. एका माणसावरून सिद्धांत मांडू नये, हे मीच मुलांना शिकवलंय. तरी तान्हेपणापासून चौदाव्या वर्षापर्यंत इतक्या जोराने वळवूनही जे वळलं नाही, ते तुम्ही क्रिकेटच्या क्लासला घातलं नाहीत म्हणून बिघडलं असेल का?

वडील कडक होते, वडील परगावी होते, आईने पदराआड ठेवलं, तीन बहिणींत वाढला. ही सगळी कारणं मी ऐकली आहेत. ज्यांची मुलं गे नाहीत, त्यांच्या घरी याहून वेगळं काही नसतं.

म्हणजे हे कोणाच्या घराण्यातून आलं?

माझ्या नणंदेचा पहिला प्रश्न हाच होता. “आमच्याकडे नाही बाई असलं कुणी,” असं म्हणून तिने चहाचा कप खाली ठेवला. उरलं माझं माहेर.

गंमत अशी की १९९३ मध्ये विज्ञानानेही जवळपास हेच म्हटलं होतं. अमेरिकेत डीन हेमर यांनी समलिंगी भावांच्या ४० जोड्या तपासल्या, त्यातल्या ३३ जोड्यांत एक्स गुणसूत्राच्या टोकाचा एक तुकडा सारखा निघाला. मुलाला एक्स आईकडूनच मिळतो. वर्तमानपत्रांनी ‘गे जीन सापडला’ म्हणून मथळे छापले. पण १९९९ मध्ये कॅनडातल्या गटाने ५२ जोड्या तपासल्या तर त्यांना तसं काही दिसलं नाही. नंतरच्या एका मोठ्या अभ्यासात पुन्हा थोडंसं दिसलं. तिथे काहीतरी असेलही, पण तो ‘एक जीन’ नाही.

२०१९ मध्ये पावणेपाच लाखांहून जास्त लोकांच्या जनुकांची, म्हणजे जीन्सची, छाननी झाली. ठळकपणे पुढे आल्या फक्त पाच जागा, आणि त्यांचा प्रत्येकी परिणाम अगदी किरकोळ. सगळ्या जनुकीय फरकांची बेरीज केली तरी ८ ते २५ टक्के फरकाचाच उलगडा होतो. रक्त तपासून कोणाचा कल सांगता येत नाही, हे संशोधकांनीच स्पष्ट केलं. माझी या अभ्यासावर तक्रार आहे. त्यांच्या मुख्य हिशोबात कल नव्हताच. ‘आयुष्यात एकदा तरी समलिंगी संबंध आला का’ एवढंच धरलं. वागणं मोजलं आणि कलाबद्दल बोलले. शिवाय तपासलेले सगळे युरोपीय वंशाचे.

नणंदेला त्या दिवशी मी एवढं सगळं सांगितलं नाही. “उंची कोणाकडून आली ते सांगता येईल का?” इतकंच विचारलं. तिचा मुलगा सहा फुटी आहे, आणि दोन्हीकडे सगळे बुटके.

एकसारख्या जुळ्यांत एक गे आणि दुसरा नाही, असं असतं म्हणे. मग जन्मजात कसं?

असतं, आणि पुष्कळदा असतं. १९९१ च्या एका गाजलेल्या अभ्यासात एकसारख्या जुळ्या भावांपैकी एक समलिंगी असेल तर दुसराही असण्याचं प्रमाण ५२ टक्के आलं होतं, वेगळ्या जुळ्यांत २२. पण ती माणसं समलिंगी मासिकांतल्या जाहिराती वाचून आली होती. दोघंही गे असलेली जोडी अशा जाहिरातीला जास्त उत्साहाने उत्तर देणार, हे उघड आहे. नंतर नोंदवह्यांवरून झालेल्या अभ्यासांत आकडे बरेच उतरले.

माझं आवडतं उदाहरण डावखुरेपणाचं, कारण मी स्वतः डावखुरी आहे. साधारण दहातला एक माणूस डावखुरा असतो. एकसारख्या जुळ्यांतही एक डावा आणि एक उजवा, असं सर्रास दिसतं. म्हणून डावखुरेपणा संगतीने लागतो असं कोणी म्हणत नाही. जीन्स तेच असले तरी गर्भातल्या दोघांचं सगळं सारखं नसतं. वार (प्लासेंटा) वेगळी असू शकते, जागा वेगळी, रक्तपुरवठा कमीजास्त.

मला पहिलीत पट्टीने मारून उजव्या हाताने लिहायला लावलं. प्रसादाला डावा हात पुढे केला की आजी हातावर चापट मारायची. शिकले मी. फळ्यावर एकतीस वर्षं उजव्या हाताने लिहिलं. पण विळीवर कांदा अजून डाव्याच हाताने चिरते, आणि अंधारात किल्ली लावायची वेळ आली की डावाच हात पुढे होतो. शाळेने माझं वागणं बदललं. हात कुठला ते नाही बदललं.

थोरल्या भावांचा काय संबंध सांगतात?

हा बराच पक्का मानला जाणारा निष्कर्ष आहे, आणि ऐकायला विचित्र. एकाच आईला आधी झालेले मुलगे जितके जास्त, तितकी पुढच्या मुलाची समलिंगी असण्याची शक्यता थोडी वाढते. प्रत्येक थोरल्या भावामागे साधारण एकतृतीयांशाने. १९९० च्या दशकात कॅनडातल्या ब्लँचर्ड आणि बोगार्ट यांनी हे दाखवलं. २००६ मध्ये बोगार्ट यांनी एक सुरेख तपासणी केली: सावत्र किंवा दत्तक थोरले भाऊ घरात असले तर परिणाम दिसत नाही, आणि सख्खे भाऊ दुसऱ्या घरी वाढले तरी दिसतो. म्हणजे कारण घरात नाही, आईच्या पोटात आहे. मुलाच्या गर्भातल्या, वाय गुणसूत्रावरून बनणाऱ्या एका प्रथिनाविरुद्ध आईचं शरीर प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) तयार करत असावं असा अंदाज आहे, आणि २०१८ मध्ये त्याला पहिला पुरावा मिळाला.

घाबरून हिशोब करायला बसू नका. मूळ शक्यता दोन टक्के धरली तर एका थोरल्या भावामुळे ती अडीचच्या थोडी वर जाते. तीन थोरले भाऊ असले तरी पाच टक्क्यांच्या आतच राहते. आणि पुष्कळ गे मुलगे थोरले किंवा एकुलते असतात.

एका बाईंनी हे ऐकून मला विचारलं, “म्हणजे परत आईच का?” त्यांना काय उत्तर द्यावं, मला सुचलं नाही.

मुलींचंही असंच असतं?

मुलींवर अभ्यास कमी झाला आहे, हे विज्ञानाचं जुनं दुखणं. भावांचा परिणाम मुलींत बहुतेक अभ्यासांना दिसलेला नाही. स्वीडनच्या अभ्यासात स्त्रियांमध्ये आनुवंशिकतेचा वाटा पुरुषांच्या निम्म्याच्या आसपास आला. वाढत्या वयात ओढ थोडी इकडेतिकडे सरकल्याचं बायका जास्त सांगतात. पण आपोआप सरकणं वेगळं आणि कोणी सरकवणं वेगळं. ऋतू बदलतो, म्हणून तो आपल्याला बदलता येतो असं नाही.

होस्टेल, मोबाईल, संगत?

नाही. होस्टेलवर जे कळतं ते आपल्याला नाव असल्याचं. मोबाईलवर कळतं की आपण एकटे नाही. लहानपणी अत्याचार झाला असेल तर त्यावर स्वतंत्रपणे आणि तातडीने मदत घ्या. त्यातून कल ठरतो असं मात्र सिद्ध झालेलं नाही.

पण हे निसर्गाविरुद्ध आहे ना? प्राण्यांत कुठे असतं?

भरपूर असतं. जगभरात शेकडो प्रजातींमध्ये नोंदलं गेलंय. हवाई बेटांवरच्या एका वसाहतीत अल्बट्रॉस पक्ष्यांच्या जवळजवळ एकतृतीयांश जोड्या मादी-मादी निघाल्या. त्या मिळून पिल्लं वाढवतात. मेंढ्यांमध्ये साधारण बारातला एक नर मादी समोर असतानाही नराकडेच जातो. मेंढपाळांना नवीन नाही हे, फक्त ते पेपर लिहीत नाहीत.

पण हे उत्तर देऊन मी थांबत नाही, कारण ते अर्धवट आहे. आपल्या ओळखीचं माकड घ्या, हनुमान लंगूर. जोधपूरजवळच्या टोळ्यांत माद्या माद्यांवर चढतात, याच्या सविस्तर नोंदी १९९१ मध्ये प्रसिद्ध झाल्या. याच लंगुरांत नवा नर टोळी काबीज करतो तेव्हा जुन्या नराची तान्ही पिल्लं मारून टाकतो. हे एका जपानी संशोधकाने १९६० च्या दशकात आपल्या शेजारी धारवाडला पाहून लिहिलं. दोन्ही निसर्गातच घडतं. लंगूर करतो म्हणून पहिली गोष्ट बरोबर म्हणायची असेल तर दुसरीचं काय करायचं?

म्हणून काकांनी ‘प्राण्यांतसुद्धा नसतं’ म्हटलं तर ते चूक आहे, हे जरूर सांगा. पण ‘प्राण्यांत असतं म्हणून योग्य’ असं म्हणायला जाऊ नका, त्या खड्ड्यात आपणच पडतो. चष्मा निसर्गात नाही. सिझेरियन नाही. शिजवलेला भातसुद्धा नाही.

मूल होत नाही ते अनैसर्गिकच, नाही का?

हे वाक्य तुम्हाला वाटतं त्याहून जुनं आहे, आणि ते न्यायालयात बोललं गेलंय. इंग्रजांनी १८६० मध्ये दंडसंहिता केली, १८६२ पासून ती लागू झाली. कलम ३७७ मध्ये ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोगाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. निसर्गक्रम म्हणजे काय, याची व्याख्या मात्र दिली नव्हती. १९२५ साली, सिंध मुंबई इलाख्यात होता तेव्हा, तिथल्या न्यायालयापुढे एक प्रकरण आलं. न्यायालयाने म्हटलं की गर्भधारणेची शक्यता असणं हा संभोगाचा नैसर्गिक हेतू. तशी शक्यता नसलेला संबंध निसर्गक्रमाविरुद्ध.

ही कसोटी प्रामाणिकपणे लावून बघा. कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाच्या पाटीखाली जाऊन ऑपरेशन करून आलेली आपली अख्खी पिढी अनैसर्गिक ठरते. पन्नाशीनंतरचे नवराबायको तर सगळेच. हे मी एकदा एका निवृत्त मामलेदारांना विचारलं, त्यांनी विषय बदलून पावसावर नेला.

कलम ३७७ चा पुढचा प्रवास थोडक्यात असा: २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळलं, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते उलटवलं, ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींनी एकमताने पुन्हा वगळलं. त्या निकालात सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांनी कल जन्मजात असण्यावर भर दिला. न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी मात्र मूळ शब्दालाच हात घातला: नैसर्गिक काय, अनैसर्गिक काय, आणि ते ठरवणार कोण? एकाच निकालातले हे दोन रस्ते आहेत. मला दुसरा जास्त पटतो, का ते पुढे येईलच. जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम नाही. त्यामुळे प्रौढ पुरुषावर झालेल्या लैंगिक अत्याचारासाठी वेगळं कलमच उरलेलं नाही, तो घोळ वेगळाच.

पेपरात ‘अनैसर्गिक कृत्य’ म्हणून बातम्या येतात, त्या याच ना?

या प्रश्नावर मी चिडते. गुन्हेवृत्ताच्या पानावर हा शब्द बहुतेक वेळा लहान मुलावरच्या अत्याचारासाठी येतो. तिथे गुन्हा कशात आहे? मूल लहान आहे, त्याच्यावर जबरदस्ती झाली, यात. तेच मुलीबाबत झालं तर आपण ‘अत्याचार’ म्हणतो, निसर्गाला मध्ये आणत नाही. या एका शब्दाने दोन पिढ्यांच्या डोक्यात दोन प्रौढ पुरुषांचं प्रेम आणि पोरावरचा अत्याचार एकाच कप्प्यात ठेवले. मुलाने सांगितलं तेव्हा माझ्याही डोक्यात आधी तोच शब्द आला होता.

आपल्या जुन्या ग्रंथांत काय म्हटलंय?

एकच एक असं काही म्हटलेलं नाही, म्हणून ‘आपली संस्कृती सांगते’ म्हणणाऱ्या दोन्ही बाजूंपासून जरा सावध राहा. मनुस्मृतीत पुरुषाने पुरुषाशी संग केला तर प्रायश्चित्त म्हणजे सचैल स्नान, अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ. बैलगाडीत, पाण्यात किंवा दिवसा स्त्रीशी संग केला तरी तेच. बायकांना मात्र ही सवलत नाही. त्यांच्यासाठी दंड, फटके, मुंडन आणि बोटं छाटण्यापर्यंत शिक्षा आहेत.

सुश्रुतसंहितेत ‘आसेक्य’ नावाचा, आज समलिंगी म्हणून वाचला जाणारा पुरुष येतो, आणि त्याचं कारण दिलंय आईवडिलांचं बीज अत्यल्प असणं. कारण आज कोणी मानणार नाही. पण प्रश्न बघा, तोच आहे: हा असा का जन्मला? कामसूत्रात ‘तृतीया प्रकृती’ म्हटलंय. आपल्याकडे प्रकृती म्हणजे निसर्ग, स्वभाव आणि तब्येत, तिन्ही. ‘प्रकृती कशी आहे?’ असं आपण रोज विचारतो. ज्याला वात्स्यायन प्रकृती म्हणतो, त्याला टीव्हीवरच्या चर्चेत ‘विकृती’ म्हणतात.

आपल्याकडे यावर आधी कोणी बोललंच नाही का?

बोलले, आणि दंडही भरला. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत. त्यात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना ते उत्तरं द्यायचे, म्हणजे आज मी करतेय तेच, फक्त कितीतरी जास्त धाडसाने. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांबद्दलच्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांवर कोणी लिहिलं की ते अश्लील होत नाही, असं त्यांनी मांडलं. लैंगिकतेचे इंग्रज अभ्यासक हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा दाखला देऊन, अशी ओढ माणसात मुळातच असेल तर त्यात गैर काय, असाही युक्तिवाद केला. खटला हरले. कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला, तेव्हाचे दोनशे.

‘हे सगळं आत्ताचं परदेशी फॅड आहे’ असं कोणी म्हणालं की मी हे साल सांगते.

मग जन्मजात असल्याचं एकदा सिद्ध झालं की वाद मिटेल?

मलाही आधी तसंच वाटायचं. आता नाही वाटत.

‘होमोसेक्शुअल’ हा शब्द १८६०च्या दशकाच्या अखेरीस कार्ल मारिया कर्टबेनी नावाच्या लेखकाने घडवला. त्याच्या ओळखीचे जर्मन वकील कार्ल हाइनरिश उलरिख्स तेव्हा सांगत होते की आम्ही जन्मतःच असे आहोत, म्हणून शिक्षा करू नका. कर्टबेनीला ते पटेना. त्याचं म्हणणं असं की जन्मजात तर माणसात वाटेल त्या प्रवृत्ती असतात. मुद्दा हा की दोन प्रौढांनी आपखुशीने केलेल्या, कोणाचं नुकसान न करणाऱ्या गोष्टीत सरकारचं काम काय?

पुढे बर्लिनमध्ये मॅग्नस हिर्शफेल्ड या डॉक्टरांनी जन्मजातपणाची बाजू आयुष्यभर विज्ञानाने लढवली. १९१९ मध्ये संस्था काढली, हजारो पुस्तकं जमवली. १९३१ मध्ये ते भारतातही फिरून गेले. १९३३ च्या मे महिन्यात नाझींनी ती संस्था लुटली आणि ग्रंथालय जाळलं. ‘जन्मजात आहे’ हे ऐकून त्यांना दया आली नाही. ज्यांना माणसांची पैदास सुधारायची होती, त्यांच्या लेखी जन्मजात म्हणजे उपटून टाकायचं.

इतकं लांब जायलाही नको. गर्भजल तपासून मुलगा की मुलगी कळायला लागलं, तेव्हा आपण काय केलं? त्याविरुद्धचा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राला १९८८ मध्ये करावा लागला. उद्या कोणी गर्भाचा कल सांगणारी तपासणी विकायला काढली तर ती कोण विकत घेईल, याची कल्पना मी करू शकते. २०१९ च्या अभ्यासाने अशी तपासणी होऊच शकत नाही असं दाखवलं, तेव्हा मला खरं सांगायचं तर बरं वाटलं.

आणि उद्या जन्मजात नाही असं निघालं तर?

तर काय? धर्म जन्मजात नाही. १९५६ च्या दसऱ्याला नागपुरात लाखो माणसांनी तो ठरवून बदलला, आणि राज्यघटना त्या निवडीचं रक्षण करते. कोणी सांगत नाही की तुझा धर्म रक्तात दाखव, मग हक्क देतो. माझ्या मुलाच्या हक्काला प्रयोगशाळेचा दाखला लागावा, हे मला मान्य नाही.

बदलता येतं का? एक डॉक्टर ‘बरा करतो’ म्हणतात.

आम्हीही गेलो होतो एकाकडे. भिंतीवर प्रमाणपत्रं, टेबलावर गणपती. त्यांनी संप्रेरकांची इंजेक्शनं आणि ‘चांगली मुलगी बघून लग्न’ असा कोर्स लिहून दिला. जीवशास्त्राची शिक्षिका असून मी ती चिठ्ठी पर्समध्ये दोन महिने जपून ठेवली होती. त्याची लाज वाटते.

अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये समलिंगी असणं आजारांच्या यादीतून काढलं; जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० ला. १९७३ च्या त्या बदलात पुढे असलेले रॉबर्ट स्पिट्झर यांनीच नंतर २००३ मध्ये ‘काही जण बदलू शकतात’ असा पेपर प्रसिद्ध केला, आणि बरा करणारे सगळे तो फडकवत राहिले. २०१२ मध्ये स्पिट्झर यांनी त्यातला दोष मान्य करून समलिंगी लोकांची माफी मागितली. फडकवणाऱ्यांपर्यंत ती माफी अजून पोचलेली दिसत नाही.

आपल्याकडे २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी अशा ‘उपचारां’ना मनाई करायला सांगितलं. निकालाआधी ते स्वतः समुपदेशकाकडे बसून विषय समजून घेऊन आले होते. मला हे फार आवडलं. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने असे उपचार म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन असं राज्यांच्या वैद्यक परिषदांना कळवलं. तेव्हा ‘बरा करतो’ म्हणणाऱ्याकडून लेखी मागा. देणार नाही.

लग्न लावून दिलं तर जमेल हळूहळू?

नाही. आणि तुम्ही फक्त आपल्या मुलाचा विचार करताय. दुसऱ्या कोणाची तरी मुलगी आहे.

नातेवाईकांशी वाद कसा घालायचा?

शक्यतो घालू नका. जेवणाच्या ताटावर तर नकोच. घालावाच लागला तर समोरच्याला काय म्हणायचंय ते आधी ओळखा. ‘जन्मजात आहे का?’ असं आई विचारते तेव्हा ती धास्तावलेली असते, तिला आकडे नको असतात. काका तेच विचारतात तेव्हा त्यांना दोषी हवा असतो. कॉलेजातला पुतण्या विचारतो तेव्हा त्याला खरंच जाणून घ्यायचं असतं. कधी कधी स्वतःसाठीच. त्याला वेळ द्या, सगळं सांगा, २०१९ च्या अभ्यासावरची माझी तक्रारसुद्धा.

नणंदेशी मी चार वर्षं वाद घातला. एक्स गुणसूत्र काढून दाखवलं, लंगूर सांगितला, कर्वे-आंबेडकर सांगितले. ती “असेल बाई” म्हणायची. गेल्या गणपतीत मुलगा बंगळुरूहून आला होता. निघताना तिने त्याला स्वयंपाकघरात हाक मारली आणि विचारलं, “तुझा तो मित्र मोदक खातो का रे?” तो खातो म्हणाला. तिने डब्यात अकरा भरले, वर केळीचं पान ठेवलं. मित्रच म्हणते अजून.